शकुंतला रेल्वे: वऱ्हाडातील अरुंद मार्गाचा आणि त्याच्या सेवेचा इतिहास

अचलपूर ते यवतमाळ हा अडीच फुटी रुळांचा लोहमार्ग वऱ्हाडात ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जातो. त्याची लांबी सुमारे 190 किलोमीटर आहे. मुंबई–नागपूर हा साडेपाच फुटी मुख्य मार्ग त्याला मूर्तिजापुरात मिळतो आणि तिथेच त्याचे दोन भाग पडतात. उत्तरेचा भाग दर्यापूर, अंजनगाव सुर्जी असा अचलपूरला जातो, तो 76 किलोमीटरचा. दक्षिणेचा कारंजा, दारव्हा असा यवतमाळला पोहोचतो, तो 113 किलोमीटरचा. मार्ग तयार झाला तेव्हा तो अमरावती, अकोला आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतून जात होता. 1998 साली अकोल्यातून वाशिम वेगळा झाला आणि कारंजा त्या जिल्ह्यात गेले, तेव्हापासून जिल्हे चार झाले. रूळ मात्र होते तिथेच राहिले.

नकाशावर या मार्गाची एक गोष्ट चटकन खटकते. अचलपूर हे अमरावती जिल्ह्यातले मोठे गाव, आणि अमरावती तिथून सडकेने पन्नास किलोमीटरच्या आसपास. तरीही अचलपूरची गाडी जिल्ह्याच्या ठिकाणाकडे पाठ फिरवून नैऋत्येला मूर्तिजापूरकडे जाते. यवतमाळचेही तसेच. मुख्य मार्गावरचे धामणगाव तिथून पन्नास किलोमीटरच्या आत असताना रूळ पश्चिमेला वळतात आणि दुपटीहून अधिक अंतर कापून मूर्तिजापूर गाठतात. प्रवाशाच्या दृष्टीने हा द्राविडी प्राणायामच होय. पण मार्गाची आखणी करणाऱ्यांपुढे प्रवासी हा मुख्य हिशेब नव्हता. कापूस पिकवणारी जास्तीत जास्त गावे गाठायची, त्यांच्या बाजारपेठा एका दोरीत ओवायच्या आणि माल मुंबईच्या दिशेने लोटायचा, हा हिशेब होता. या हिशेबाने पाहिले की नकाशातले वळण बरोबर वाटू लागते. मार्ग कापसाने ठरवला आणि गाड्यांचे भवितव्य एका कराराने ठरवले. शकुंतलेच्या इतिहासातली बहुतेक कोडी या दोन गोष्टींपाशी सुटतात.

वऱ्हाडचा कापूस रेल्वेच्या आधीपासून दूरवर जात असे, फक्त त्याची दिशा वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरावतीच्या पेठेतला माल बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरला नेला जाई. वाटेत पाऊस, धूळ आणि महिनोन्‌महिन्यांचा प्रवास यांनी मालाची पत उतरायची. मुंबईकडे कापूस धाडण्याचा पहिला मोठा प्रयोग 1825–26 च्या सुमारास विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनी केला. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी 1867 साली नागपुरात पोहोचली.

पण मुख्य मार्ग सरळ नेण्याच्या नादात वऱ्हाडच्या दोन बड्या कापूसपेठा बाजूला राहिल्या होत्या, खामगाव आणि अमरावती. त्यांच्यासाठी सरकारने आखूड फाटे काढले. जलंब ते खामगाव हा फाटा 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खुला झाला आणि बडनेरा ते अमरावती हा 1871 साली. दोन्ही फाटे मुख्य मार्गाच्याच रुंदीचे होते, त्यामुळे मुंबईहून निघालेला डबा थेट पेठेच्या दारात येई. अचलपूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा, यवतमाळ या पेठांच्या वाट्याला हे आले नाही. तिथला कापूस पुढची चार दशके बैलबंड्यांनीच स्टेशन गाठत राहिला.

ही उणीव भरून काढायला पुढे आली ती खासगी कंपनी. किलिक, निक्सन आणि कंपनी ही 1857 पासून मुंबईत व्यवहार करणारी इंग्रज पेढी. तापी खोऱ्यातली रेल्वेही तिच्याच व्यवस्थापनाखाली होती. 1910 साली या पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. वऱ्हाडातल्या रेल्वेला मध्य प्रांताचे नाव मिळाले त्याचे कारण राजकीय आहे. 1902 साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला. मूर्तिजापूरच्या दोन्ही बाजूंचे रूळ 1910 च्या दशकात वाहतुकीसाठी खुले झाले. याच कंपनीचा पुलगाव–आर्वी हा 35 किलोमीटरचा मार्ग 1917 सालचा.

अडीच फुटी रुंदी निवडली ती स्वस्ताईपोटी. भराव अरुंद चालतो, पूल हलके चालतात, वळण आवळून घेता येते आणि इंजिनही लहान लागते. बार्शी लाइट रेल्वेवर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी 1897 पासून हीच रुंदी वापरून दाखवली होती, आणि नीट आखणी केली तर एवढ्याशा रुळांवरूनही भरपूर माल वाहता येतो हे त्यातून सिद्ध झाले होते. स्वस्ताईची किंमत मूर्तिजापुरात चुकवावी लागे. छोट्या गाडीतून आलेली प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते उतरवून मोठ्या गाडीत चढवावे लागे. हमालांना काम मिळाले, पण मालावर खर्च आणि वेळ चढला. कापसाखेरीज दुसरे काही वाहायचे असते तर हा बदल इतका सोसला नसता. कापूस हंगामी, दाबून बांधलेला आणि एकाच दिशेने जाणारा माल असल्याने निभावले.

कराराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला नेण्यासाठी इंग्रजांनी शकुंतला बांधली, हे वाक्य लेखांतून आणि भाषणांतून इतके घासले गेले आहे की ते पुन्हा तपासायचे कोणाला सुचत नाही. 1860 च्या दशकापुरते ते खरे आहे. शकुंतला आली तोवर मात्र वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक मुंबईच्या गिरण्या आणि जपान हे होते. रॅली आणि व्होलकार्ट या युरोपीय पेढ्यांच्या बरोबरीने जपानी खरेदीदारही वऱ्हाडच्या बाजारात उतरले होते. ही रेल्वे साम्राज्याच्या व्यापाराचे साधन होती यात शंका नाही, पण तिचा माल जायचा कुठे याचे उत्तर एका शहराच्या नावात मावणारे नाही.

आता करार. शाखा मार्गांच्या कंपन्यांसाठी सरकारने ठरवलेली पद्धत सर्वसाधारणपणे अशी होती: जमीन सरकारने द्यायची, भांडवल कंपनीने भागधारकांकडून उभारायचे आणि गाड्या चालवण्याचे काम शेजारच्या मुख्य रेल्वेने करायचे. उत्पन्नातला ठरलेला वाटा चालवणाऱ्या रेल्वेने खर्चापोटी ठेवायचा आणि उरलेला कंपनीला द्यायचा. शाखेवरून मुख्य मार्गावर जो नवा माल येई, त्याच्या कमाईतूनही कंपनीच्या नफ्याला आधार मिळे. शकुंतलेच्या बाबतीत मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि चाके फिरवणारी जीआयपी, अशी विभागणी झाली. सरकारला ठरावीक मुदतीने, दर दहा वर्षांनी, मार्ग विकत घेण्याचा हक्क होता. कागदावर हे कलम साधे दिसते. पुढची शंभर वर्षे मार्गाची गाडी त्याच कलमापाशी अडकून राहिली.

मूर्तिजापूरहून उत्तरेला निघालेली गाडी लाखपुरीजवळ पूर्णेच्या काठी येई. पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, जमीन काळी आणि खोल. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावर टाकलेले रूळ एका पातळीत राखणे हे गँगमनचे बारमाही काम असते. शकुंतलेच्या मंद गतीचा दोष नेहमी इंजिनाला दिला जातो, पण त्यातला बराचसा वाटा या मातीचा आहे. नदी ओलांडली की दर्यापूर. स्टेशनचे नाव मात्र गावाच्या जुळ्या वस्तीवरून बनोसा. पुढे कापूसतळणी. त्यानंतरचे अंजनगाव सुर्जी इतिहासात 30 डिसेंबर 1803 च्या तहामुळे ठाऊक आहे; शिंद्यांनी इंग्रजांशी तो तह इथे केला. रेल्वेला या तहाशी देणेघेणे नव्हते. तिला इथे कापूस मिळे आणि पानमळ्यांची विड्याची पाने मिळत. अंजनगावहून रूळ पूर्वेला वळून पथ्रोटमार्गे अचलपूरला पोहोचत. हा पट्टा सातपुड्याच्या पायथ्याचा. अचलपूर एकेकाळी इमादशाहीची राजधानी होती. शेजारच्या परतवाड्यात इंग्रजांची छावणी होती, आणि मेळघाटातले सागवान व चिखलदऱ्याचा प्रवासी दोघेही याच गावातून जात.

दक्षिणेच्या भागाला कारंजाने मोठा आधार दिला. दत्तसंप्रदायात नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून आणि व्यापारात जुनी, श्रीमंत कापूसपेठ म्हणून कारंजा प्रसिद्ध होते, त्यामुळे या स्टेशनावर यात्रेकरू आणि अडते दोघेही उतरत. पुढे दारव्हा, स्टेशनचे पूर्ण नाव दारव्हा मोतीबाग. लाडखेडनंतर गाडी चढणीला लागे आणि उंचावरच्या यवतमाळला पोहोचे. यवतमाळहून सडकेने धामणगाव गाठून मुख्य मार्गावरची गाडी पकडणे हा पर्याय प्रवाशांनी फार लवकर शोधून काढला. धामणगाव हेच यवतमाळकरांचे खरे रेल्वे स्टेशन होऊन बसले, आणि शकुंतलेकडे राहिले ते मधल्या खेड्यांतले लोक.

दारव्ह्याहून दिग्रसमार्गे पुसदपर्यंत आणखी एक फाटा 1931 साली सुरू झाला होता. तो फार दिवस चालला नाही; रूळही काढून नेले गेले. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्राला देणाऱ्या पुसदला त्यानंतर रेल्वे राहिली नाही, ही गोष्ट तिथे आजही हळहळत सांगितली जाते.

जीआयपीचा कारभार 1925 साली सरकारने थेट आपल्याकडे घेतला आणि 1951 साली त्यातून मध्य रेल्वे झाली. शकुंतलेच्या डब्यांवरचे नाव त्याप्रमाणे बदलले, मालक बदलला नाही. मँचेस्टरला 1921 साली बांधलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन 1923 पासून जवळजवळ सत्तर वर्षे या मार्गावर चालले. 15 एप्रिल 1994 रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. वाफेच्या इंजिनाचे फोटो काढायला परदेशातून येणाऱ्या हौशींची ये-जा त्यामुळे थांबली. गाडीच्या वेळेत म्हणावा तसा फरक पडला नाही, कारण वेग रुळांनी बांधून ठेवला होता. मूर्तिजापूर ते अचलपूर या 76 किलोमीटरला चार तासांच्या आसपास लागत.

शेवटच्या दशकांतली चालवण्याची रीत स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दिवसाला एक गाडी जाणार आणि तीच परत येणार, त्यामुळे एका भागात एका वेळी एकच गाडी, आणि समोरून दुसरी येण्याची भीती नाही. सिग्नल, केबिन, फाटकावरचा माणूस यांची गरज उरली नाही. मधल्या स्टेशनांवरचे कर्मचारी काढून घेतले गेले. गाडीबरोबर जाणारे सातेक जणांचे पथकच सगळी कामे करी. गार्ड तिकिटे देई. फाटक आले की गाडी थांबे, माणूस उतरून फाटक लावी, गाडी पुढे सरके, फाटक उघडले जाई आणि तो माणूस पुन्हा डब्यात चढे. शहरी वाचकाला यात गंमत वाटते. रेल्वेच्या हिशेबनिसाला यात कमीत कमी खर्चात सेवा जिवंत ठेवण्याची युक्ती दिसली असेल. पण ज्या मार्गावरची माणसे एकेक करून काढली जातात, त्या मार्गावर नवा माल मागणारेही कोणी राहत नाही, हे तिसरे अंगही ध्यानात घ्यायला हवे.

माल आधीच गेला होता. सडका सुधारल्या, आणि ट्रक थेट जिनिंगच्या आवारात येऊन गाठी भरू लागला. मूर्तिजापूरची उतरचढ वाचली. 1972 साली राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. खरेदी केंद्रे, जिनिंग आणि गोदामे यांची जुळणी तिच्यानंतर सडकेच्या सोयीने होत गेली. सरकी, रुई, इमारती लाकूड यांपैकी काहीच शकुंतलेकडे राहिले नाही. एस.टी. गावोगाव पोहोचली आणि घाईचा प्रवासीही गेला. उरला तो ज्याला एस.टी.चे भाडे जड जाते असा: रोजमजुरीला निघालेली माणसे, बाजाराला भाजीची टोपली नेणाऱ्या बाया, शाळकरी पोरे, लेकीबाळींकडे निघालेल्या म्हाताऱ्या. गाडगेबाबांचा जन्म अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याचे. त्यांनी ज्या माणसांत आयुष्य काढले, तीच माणसे या गाडीच्या बाकांवर असत. या गर्दीतून तिकिटाचे पैसे थोडेच येत, आणि उत्पन्न-खर्चाच्या तक्त्यात मार्ग कायम तोट्यात दिसे.

तोट्यातले इतर कितीतरी अरुंद मार्ग सरकारने विकत घेतले, रुंद केले किंवा सरळ बंद केले. बार्शी लाइट रेल्वे 1954 साली सरकारजमा झाली आणि पुढे तिचे रुंदीकरणही झाले. शकुंतलेच्या बाबतीत खरेदीचा हक्क मुदतीमागून मुदत वापरला गेला नाही. याची कारणे भावनिक नव्हती. विकत घ्यायचा तर कंपनीला किंमत मोजावी लागणार, आणि विकत न घेता मोठी दुरुस्ती करायची तर परक्याच्या मालमत्तेवर सरकारी पैसा घालणार. तिसरी वाट होती ती आहे तसे चालू देण्याची, आणि व्यवहारात तीच धरली गेली. स्वातंत्र्यानंतरही भारत सरकार ब्रिटिशांना खंडणी देते, अशा अर्थाच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. त्यांतला संताप समजण्याजोगा आहे, तपशील मात्र ढिला आहे. किलिक निक्सन पुढे भारतीय मालकांच्या हाती आली होती. त्यामुळे प्रश्न पैसा लंडनला जातो का हा नव्हता; जुन्या करारातले मालक आणि चालक वेगवेगळे असताना मार्गावर भांडवल कोणी घालायचे, हा होता.

2014 साली यवतमाळ बाजूची आणि 2016 साली अचलपूर बाजूची गाडी थांबली. त्याच वर्षी तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा केली होती आणि त्यासाठी दीड हजार कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला. घोषणेने उत्तरेच्या गावांत आनंद झाला, पण पुढे कामाने वेग घेतला नाही. गाडी निदान आहे तशी चालू करा, या मागणीसाठी अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर या गावांत सभा आणि आंदोलने होत राहिली. काहींनी शकुंतलेला दार्जिलिंगसारखा वारसा म्हणून जपण्याची कल्पना मांडली. दार्जिलिंगच्या रेल्वेला 1999 साली युनेस्कोची मान्यता मिळाली हे खरे, पण तिथे डोंगर आहे, थंड हवा आहे आणि पर्यटक आधीपासून आहे. मे महिन्यात पूर्णेच्या खोऱ्यातून चार तास जायला हौशी प्रवासी किती निघतील, याचा विचार त्या सूचनेत फारसा दिसत नाही. लोकांची मागणीही वारशाची नव्हती. त्यांना तालुक्याच्या गावाला स्वस्तात जायचे होते.

दरम्यान वऱ्हाडातल्या रेल्वेचा नकाशा दुसऱ्या अंगाने भरत गेला. बडनेरा–अमरावती–नरखेड हा 138 किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या संत्र्यांच्या पट्ट्यातून गेला. अचलपूरला जवळचे स्टेशन म्हणून आता चांदूर बाजार आहे. दक्षिणेत वर्धा–यवतमाळ–नांदेड या 284 किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम हाती घेण्यात आले; त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. हा मार्ग यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद असा आखलेला आहे. म्हणजे शकुंतलेचा दक्षिणेकडचा शेवटचा टप्पा आणि 1931 चा हरवलेला फाटा यांची जागा बऱ्याच अंशी तोच घेणार आहे. दिशा मात्र उलटली आहे: जुने रूळ यवतमाळचा माल पश्चिमेला मुंबईकडे नेत, नवा मार्ग यवतमाळला पूर्वेला वर्ध्याशी आणि दक्षिणेला नांदेडशी जोडतो. कारंजा आणि मूर्तिजापूर यांच्यामधला भाग, तसेच दर्यापूर–अंजनगाव–अचलपूर ही उत्तरेची बाजू या आखणीत कुठेच येत नाही. त्या गावांसाठी रेल्वेचा प्रश्न अजून मूर्तिजापूरच्या जुन्या रुळांशी आणि त्यांच्या रुंदीकरणाच्या प्रस्तावाशीच बांधलेला आहे.